ठिणगीची मुदत

पेट्रोलवर चालणाऱ्या यंत्रास ठिणगी लागते, आणि ती ठिणगी पाडणारा प्लग व तिच्यासाठी विजेचा दाब वाहून आणणारी तार ही दोन्ही कालांतराने निकामी होतात, एवढे मोटारीच्या मालकास सहसा ठाऊक असते. परंतु ती बदलावीत केव्हा, आणि हा निवाडा करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नास स्वतःचा एक इतिहास आहे. कराडहून पाटणमार्गे कोयनेच्या काठाने हेळवाकपर्यंत येणारी व तेथून पश्चिमेस कुंभार्ली घाटाने चिपळुणात उतरणारी जी सडक, तिच्यावर हा इतिहास जितका स्वच्छ वाचता येतो, तितका तो सपाट मुलखातील रस्त्यांवर येत नाही. कारण घाटाची चढण आणि वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात जाणारा कोयनानगरचा पाऊस, या दोहोंनी येथे येणाऱ्या प्रत्येक प्लगाची कसून परीक्षा घेतली आहे.

ठिणगीची युक्ती मोटारीहून जुनी. पॅरिसमध्ये लेन्वार यांनी 1860 साली आपले गॅसचे इंजिन विजेच्या ठिणगीनेच पेटविले होते. पुढे 1902 मध्ये श्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास साजेसा प्लग सिद्ध केला, आणि त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत केटरिंग यांनी बॅटरी व कॉईल यांची जोडणी रूढ केली. पोलादी कवच, त्यात बसविलेले पांढरे शुभ्र मृत्तिकेचे बोंड, बोंडाच्या पोटातून गेलेली मधली दांडी व तिच्यासमोर वाकविलेले दुसरे टोक, हे प्लगाचे स्वरूप तेव्हापासून फारसे पालटले नाही. बॅटरीचे सहा किंवा बारा व्होल्ट कॉईलमध्ये दहापंधरा हजारांवर चढतात व त्या दोन टोकांमधील अर्ध्यापाऊण मिलिमीटरच्या फटीतून उडी घेतात. प्रत्येक उडीबरोबर धातूचा सूक्ष्म अंश जळतो, धारदार कडा बोथट होते, फट रुंदावते. आणि रुंद फट ओलांडण्यास अधिक दाब लागत असल्यामुळे त्याचा ताण तारेवर व कॉईलवर पडतो. प्लग बदलण्यात कुचराई करणारा मालक पुष्कळदा तारांचे व कॉईलचेही पैसे मोजतो, ते यामुळे.

स्वातंत्र्यापूर्वी या बाजूस ज्या खाजगी सर्व्हिस मोटारी धावत, त्यांच्या काळी प्लगाच्या मुदतीचा निर्णय सर्वस्वी ड्रायव्हरच्या कानाचा होता. इंजिनाच्या लयीत एक ठोका चुकू लागला, म्हणजे गाडी ‘मिस मारते’ असे म्हणावयाचे, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडावयाचे, आणि एकेका प्लगाची तार क्रमाने काढून पाहावयाची: जी तार काढल्याने इंजिनाच्या आवाजात काडीचाही फरक पडत नाही, तिच्याखालचा प्लग गुन्हेगार. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले व मोटारींच्या पाठीशी कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या, तेव्हा तर डांबरट वाफा व राख यांनी प्लग वारंवार माखत आणि उतारू ताटकळत. नवा प्लग हा परदेशी माल. तो मिळणेच जेथे मुश्किल, तेथे बदलण्याची मुदत कसली ठरवावयाची? ब्रशाने घासून, पेट्रोलमध्ये बुडवून, जाळावर शेकून तोच तो प्लग पुनःपुन्हा चाकरीस जुंपला जाई.

या स्वैर व्यवस्थेत शिस्त शिरली ती सरकारी अंमलाने. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली गाडी धावली, आणि 1956 मध्ये कोयनेच्या खोऱ्यात धरणाचे काम सुरू झाले. धरणाबरोबर वसलेल्या कोयनानगरात यंत्रांच्या दोन जाती नांदू लागल्या. दगडमाती वाहणारी अवजड वाहने व यंत्रे बहुतांशी डिझेलची. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेटते, म्हणून त्यास ठिणगीची गरज नाही. अधिकाऱ्यांच्या जीपा व मोटारी मात्र पेट्रोलच्या, आणि त्या चालत त्या लॉगबुकाच्या साक्षीने. किती मैल धावली, किती पेट्रोल घेतले, याची नोंद झाल्याखेरीज सरकारी गाडी फाटकाबाहेर पडत नसे. आणि जेथे मैलांची नोंद आली, तेथे मैलांवर बेतलेली मुदतही आपसूक आली. दहा हजार मैल भरले की प्लग बडतर्फ, हा यंत्रकर्त्यांच्या पुस्तिकांमधील ठोकताळा कारकुनाच्या दृष्टीने फार सोयीचा, कारण त्यास कान लागत नाही, बेरीज येत असली म्हणजे पुरे. भांडारातून नवा नग काढावयाचा तर मागणीपत्र, मंजुरी आणि जुना नग परत जमा करणे, हा सरकारी शिरस्ता. त्या वेळी प्लगही देशी होऊ लागले होते. 1951 साली बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या मायको कंपनीचे प्लग पुढे खेड्यापाड्यांतील दुकानांतूनही दिसू लागले.

या कारकुनी ठोकताळ्यावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो गणिताचा आहे. प्लग मैलाने झिजत नाही, ठिणगीने झिजतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन आवर्तनांस प्रत्येक प्लग एकदा पेटतो. मिनिटास अडीच हजार आवर्तने धरली तर मिनिटाला साडेबाराशे, तासाला पाऊण लाख ठिणग्या. ताशी चाळीस किलोमीटरच्या सरासरीने पंधरा हजार किलोमीटर चालून येणारी गाडी पावणेतीन कोटींवर ठिणग्या खर्च करते. आता तीच गाडी चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढते असे समजा: दुसरा गिअर, आवर्तने तितकीच, आणि वेग निम्म्यावर. म्हणजे घाटातील एक किलोमीटर प्लगाच्या हिशेबी सपाटीवरच्या दोहोंच्या बरोबरीचा, आणि लॉगबुकात मात्र तो एकच मांडला जाणार. शिवाय चढणीवर इंजिन तापून प्लगाचे बोंड पांढरेफटक पडते, आणि उतारावर पाय पेट्रोलवरून उचलला की सिलिंडरमधील ओढीने झिजलेल्या रिंगांच्या बाजूने ऑईल वर येऊन तेच बोंड चिकट काळे होते. सकाळी गारठ्यात चोक ओढून वसाहतीतल्या वसाहतीत अर्धा मैल फिरणारी गाडी तर प्लगास नीट तापूच देत नाही. तिचे मैल अत्यल्प आणि काजळी भरपूर.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले. सुमारे 180 माणसे दगावली आणि मुंबईपर्यंतचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या दिवसांत या सडकेवर मदतीची जी वाहने अहोरात्र धावली असतील, त्यांच्या प्लगांची मुदत कोणी पाहिली नसणार, हे सांगावयास नको.

लॉगबुक नसलेल्या खाजगी मोटारींसाठी, म्हणजे पुढल्या काळातील फियाट, ॲम्बॅसॅडर व जुन्या जीपांच्या टॅक्सींसाठी, निवाड्याचा अधिकार सडकेच्या कडेच्या गॅरेजातील मिस्त्रीकडे गेला. आणि माझ्या मते प्लगास खरा न्याय मिळाला तो त्याच्या हाती. त्याची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. प्रथम तो फडक्याने प्लगाभोवतीची माती पुसून काढतो, कारण आटे सुटताच ती थेट सिलिंडरमध्ये पडावयाची. मग लांब नळीचा प्लग-पाना लावून, त्यात टॉमी घालून, चारही प्लग काढतो आणि बाहेर काढलेल्या क्रमानेच फळकुटावर मांडतो. आता वाचन सुरू होते. बोंडाचा रंग बिस्किटासारखा तपकिरी असला तर सर्व क्षेम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर-क्लीनर तुंबलेला. ओले, तेलकट काळे म्हणजे रिंगांचे दुखणे, तेथे नवा प्लग घालणे म्हणजे केवळ मुदतवाढ. पांढरे व फोडाळलेले म्हणजे इंजिन तापते. चौघांपैकी एकच निराळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा अथवा त्या तारेचा. चारही सारखेच झिजलेले तर वय झाले. राहिली फट. ती मोजण्यास फीलर गेज असतो, परंतु तो हाताशी नसला म्हणजे मिस्त्री मोडक्या एक्सा-ब्लेडचा तुकडा फटीत सारून पाहतो. त्या पात्याची जाडी जवळजवळ तितकीच, म्हणजे सहादशांश मिलिमीटरच्या आसपास, हे त्यास कोणत्याही पुस्तकाने सांगितलेले नसते. वरचे टोक पान्याच्या मुठीने हलकेच ठोकून फट जमवितात. मात्र टोकाच्या कडा गोल झालेल्या दिसल्या की तो ठोकीत बसत नाही, प्लग भंगारात टाकतो.

तारांचा न्याय निराळा. प्लगाची मुदत निदान मैलांत सांगण्याचा प्रयत्न होतो. तारेची कोयनेकाठी पावसाळ्यांत मोजलेली बरी. जुन्या तारांत तांब्याचे पेड असत. पुढे रेडिओतील खरखर टाळण्यासाठी कार्बन मुरविलेल्या धाग्याच्या तारा आल्या. ओढून काढताना तो धागा आतून तुटतो, म्हणून तार नेहमी टोपी धरून काढावी. बाहेरचे रबर उष्णतेने व ओझोनने तडकते. उन्हाळ्यात अशी तडक काही बोलत नाही; परंतु मृगाची सर आली, धुके बॉनेटखाली शिरले, की वीज प्लगापर्यंत जाण्याचे कष्ट न घेता जवळच्या लोखंडात उतरते. रात्री दिवे मालवून चालू इंजिनाचे बॉनेट उघडले तर तारेवर निळसर ठिणग्या खेळताना दिसतात. अन्यत्र या परीक्षेसाठी तारांवर पाणी शिंपडावे लागते. कोयनानगरास त्याची गरज कधी पडली नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप आतून पुसणे, तीवर ट्यूबच्या रबराचा पडदा बांधणे, हे तात्पुरते उपाय. मुरलेला मिस्त्री शंकास्पद तारांचा पूर्ण संच वैशाखातच बदलावयास सांगतो, आणि एकटीदुकटी तार बदलण्यास राजी नसतो.

1980 नंतर जीपा डिझेलच्या होत गेल्या, माणशी भाड्याने वडाप करणाऱ्या गाड्याही डिझेलच्याच आल्या, आणि या सडकेवरून ठिणगी जवळजवळ हद्दपार झाली. ती परत आणली मारुतीने. डिसेंबर 1983 मध्ये अवतरलेल्या मारुती 800 चे तीनच सिलिंडर. एक प्लग मेला की तिसरा हिस्सा शक्ती गेली, म्हणून घाटात तिची तक्रार चटकन कळे. 2000 च्या फेब्रुवारीपासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आले, प्लगांवरील शिशाची पुटे नाहीशी झाली व त्यांचे आयुष्य वाढले. साध्या प्लगास आता तीसचाळीस हजार किलोमीटर आणि इरिडियमच्या टोकाच्या प्लगास लाखापर्यंत मुदत कंपन्या देतात. सीएनजीवर ती आखडती धरावी, कारण त्या वायूस पेटविण्यास दाब अधिक लागतो.

नव्या मोटारींत प्रत्येक प्लगाच्या माथ्यावर स्वतंत्र कॉईल बसते, त्यामुळे तारा गेल्या आणि त्यांबरोबर निळ्या ठिणग्यांची परीक्षाही गेली. ठोका चुकला की यंत्रातील संगणक दिवा लावतो आणि स्कॅनर सिलिंडरचा क्रमांक सांगतो. कॉईल मेली, प्लग झिजला, की कॉईलच्या रबरी बुटातून पाणी शिरले, हे तो सांगत नाही. ते पाहण्यासाठी मिस्त्री आजही दोन सिलिंडरांच्या कॉईलांची अदलाबदल करतो: दोष कॉईलबरोबर सरकला तर कॉईल, जागीच राहिला तर प्लग. आषाढात कोयनेकाठी तो कॉईलला हात घालण्यापूर्वी प्लगाच्या विहिरीत बॅटरी मारून पाहतो, आणि तेथे पाणी साचलेले दिसले तर आधी हवा मारून ते उडवतो व बूट बदलतो.