बापाची गादी, लेकीची सोबत

इस्लामपूर आज सांगली जिल्ह्यात असलं तरी ब्रिटिश अमदानीत ते सातारा जिल्ह्यातलं गाव होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कृष्णाकाठच्या या मुलखातल्या ख्रिस्ती मिशनचा इतिहास लिहिताना लेखणी हमखास पुरुषांकडे वळते. कोल्हापूरचे रॉयल वाइल्डर, मिरजेचे डॉ. विल्यम वॉनलेस, साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवणारे रेव्हरंड टिळक ही त्यातली ठरलेली नावं. घराण्यांविषयी लिहायचं झालं, तर बापाचं काम मुलाने पुढे नेलं असं सांगितलं जातं. कागद नीट पाहिले तर मात्र वेगळी गोष्ट दिसते. बाप आणि मुलगा यांच्यात बहुतेक वेळा नातं होतं ते वारशाचं. दोन पिढ्यांनी एका छपराखाली, एकाच वेळी, एकच काम केलं ते प्रामुख्याने मायलेकींनी.

वाइल्डर कुटुंबाचंच पाहा. रॉयल वाइल्डर १८४६ मध्ये पत्नी एलायझासह अमेरिकेहून अहमदनगरला आले आणि १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात गेले. शाळांच्या धोरणावरून मिशनच्या बोर्डाशी त्यांचं बिनसलं, बोर्डाने त्यांच्याशी संबंध तोडला, तरी ते १८६१ मध्ये स्वतंत्रपणे परतले आणि १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनला जोडले गेले. मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे अमेरिकेत, १८८६ च्या उन्हाळ्यात, माउंट हर्मनच्या शिबिरातून शंभर विद्यार्थी परदेशी सेवेसाठी पुढे आले. त्यांना चेतवणाऱ्यांत तो आघाडीवर होता आणि जगभरच्या मिशन-इतिहासात त्याचं नाव आहे ते त्यामुळे. पण बाप ऑक्टोबर १८८७ मध्ये न्यूयॉर्कला वारले, भारतात परतायच्या तयारीत असताना. रॉबर्ट इथे कामाला आला तो १८९२ मध्ये. म्हणजे भारतात बाप-लेकाने खांद्याला खांदा लावून एक दिवसही काम केलं नाही. मुंबईच्या ह्यूम घराण्यातही तेच झालं. बाप १८५४ मध्ये गेले आणि मुलगा रॉबर्ट ॲलन ह्यूम अहमदनगरला आला तो १८७४ मध्ये.

याचं कारण मिशनच्या व्यवस्थेतच होतं. मुलं शिकायला अमेरिकेत ठेवायची आणि आईबापांनी इथे राबायचं, ही पद्धत. मुलगा शिकून, दीक्षा घेऊन, लग्न करून परत येईपर्यंत बाप थकलेला असे किंवा गेलेला असे. आलाच, तर त्याला वेगळं ठाणं मिळे.

वाइल्डरांच्या घरी बापाच्या मृत्यूनंतर जहाजावर चढल्या त्या विधवा एलायझा आणि मुलगी ग्रेस. ग्रेस माउंट होल्योकला शिकलेली होती आणि तिथल्या मुलींमध्ये परदेशी सेवेचा संकल्प तिने भावाच्या शिबिराच्या बरंच आधी रुजवला होता. पुढे इस्लामपूर हे मायलेकींचं ठाणं झालं. खेड्यातच वस्ती करून बायकांमध्ये काम करायचं, हा ग्रेसचा आग्रह. पुरुष प्रचारक ओसरीपर्यंत जाई. माजघरात त्याला मज्जाव. बाई मात्र चुलीपाशी बसू शके. तरीही अविवाहित, परकी, एकटी राहणारी तरुणी तालुक्याच्या गावात संशयाचा विषय होणारच. घरात पांढऱ्या केसांची, मराठी जाणणारी आई असली की तेच बिऱ्हाड लोकांना घर वाटायला लागतं, असं मला वाटतं. इथे नेतृत्व लेकीचं होतं आणि आई तिच्या सोबतीला होती. क्रम उलटला होता, आणि म्हणूनच काम जमलं.

यावर कुणी म्हणेल, एका घरावरून नियम कसा काढता? फेअरबँक घराण्यात तर बाप आणि मुलगे एकाच काळात नगरकडे होते, आणि त्याच घराण्यातल्या डॉ. रोझ बील्स पुढे वाईच्या मिशन रुग्णालयात आल्या. हे खरं आहे, आणि नियमाला अपवाद असतात. पण दुसरी जोडी आपल्याच मातीतली आहे. पंडिता रमाबाई आणि मनोरमा. रमाबाईंना १८८२ मध्ये वैधव्य आलं तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये लेक आईचा उजवा हात झाली. शारदा सदनची शाळा तिने सांभाळली, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली ती मिरजेच्या मिशन रुग्णालयात. रमाबाई पुढच्याच वर्षी, ५ एप्रिलला गेल्या. दोन्ही घरांत घरधनी नव्हता. विधवा आई आणि अविवाहित मुलगी यांना संसाराचं बंधन नव्हतं, ठाण्यांच्या वाटणीचा नियमही त्यांना तितका लागू नव्हता.

खरा बोचरा आक्षेप निराळा आहे. आईने लेकीचं आयुष्य आपल्या कामासाठी खर्ची घातलं काय? ग्रेसच्या बाबतीत नाही म्हणता येतं. अमेरिकेत राहून, शिक्षण घेऊन तिने स्वतः ठरवलं. मनोरमेच्या बाबतीत इतक्या ठामपणे सांगता येत नाही. तिच्या धर्मशिक्षणावरून ती अजाण असतानाच रमाबाई आणि इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यात वाद झाले. तिच्यापुढे वाट एकच होती, आणि ती आईने आखलेली. तिचं कर्तृत्व मोठं मानतानाही हे मान्य केलं पाहिजे. आपल्यामागे मुक्तीचा भार तिने घ्यावा ही रमाबाईंची इच्छा होती. लेकच आधी गेली.

आणखी एक उणीव मोठी आहे. ग्रेस किंवा मनोरमेचं नाव निदान सापडतं. त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडणाऱ्या मराठी बायबल-स्त्रिया, त्यांच्या मुली, दवाखान्यात शिकून नर्स झालेल्या लेकी यांची नावं मिशनच्या इंग्रजी अहवालांत क्वचितच येतात. ती असतीलच तर मंडळ्यांच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्यांत. सातारा, वाई, इस्लामपूर, सांगली, मिरज इथल्या मंडळ्यांनी त्या वह्या वाळवी लागण्याआधी उतरवून घ्याव्यात, आणि स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या मागून घेऊन वाचाव्यात.