पत्र्याच्या बिल्ल्यावरचे पणजोबा

ब्राह्मण घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून निघतात. आपल्या पणजोबांचा माग काढायचा तर मालकाच्या आणि सरकारच्या कागदांत शिरावं लागतं. निलगिरीतल्या एका आंबेडकरी साथीसोबत आम्ही तो उद्योग केला. त्याचे परैयर पणजोबा तिरुचिरापल्ली जिल्ह्यातून सिलोनच्या चहामळ्यावर गेले होते.

नाताळला गेलेल्या गिरमिटियांच्या जहाज-याद्यांत नाव, बापाचं नाव, गाव, जात, अगदी अंगावरच्या खुणासुद्धा आहेत. सिलोनला गिरमिट नव्हतं. तिथे कंगाणी होता, म्हणजे आपल्याकडचा मुकादम. तो गावातून टोळी बांधून नेई आणि प्रवासखर्च मजुराच्याच अंगावर कर्ज म्हणून टाकी. ऊसतोडीची उचल पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पत्र्याचा बिल्ला आला. मळ्याचा नंबर, मजुराचा नंबर, बिल्ला गळ्यात. मंडपमच्या छावणीत तपासणी, विलगीकरण, आणि १९१४ पासून धनुष्कोडीहून तलाईमन्नारची बोट. ज्याला गावाने नावाऐवजी जातीने हाक मारली, त्याला मळ्याने नंबराने मारली.

मग १९४८ चा सिलोनचा नागरिकत्व कायदा आला. तिथे जन्मलेल्यालाही बाप, नाहीतर आजा आणि पणजा दोघेही, तिथेच जन्मल्याचा पुरावा हवा. लयनीतल्या एका खोलीत बाळंत झालेल्या बाईकडे कसला दाखला असणार? लाखो मजूर बेवतन झाले, १९४९ मध्ये मतदानाचा हक्कही गेला.

इथे आपल्याला अवघड जाणारी गोष्ट बोललीच पाहिजे. १९५० साली बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले, कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध धम्माकडे येण्याचं आवाहन केलं. ज्यांना आवाहन केलं त्यांच्यातल्या मळेमजुरांना बौद्धबहुल देशाच्या संसदेने दोनच वर्षांपूर्वी परकं ठरवलं होतं. श्रीलंकेच्या सहलींचे फोटो टाकताना आपण हे विसरतो. धम्म आणि धम्माचं नाव घेणारी सत्ता यांतला फरक आपण नाही सांगायचा तर कोणी?

१९६४ च्या सिरिमा–शास्त्री कराराने ५,२५,००० माणसं भारताच्या आणि ३,००,००० सिलोनच्या वाट्याला घातली. उरलेल्या दीड लाखांचा निकाल पुढे ढकलला. माणसांना कोणी विचारलं नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वादळाने धनुष्कोडी उद्ध्वस्त केलं, म्हणून साथीचं कुटुंब सत्तरच्या दशकात रामेश्वरमला उतरलं. तिथून पुन्हा मंडपमच! त्या छावणीत मिळालेलं फॅमिली कार्ड हा त्यांच्या घरातला पहिला कागद, ज्यावर सगळ्यांची नावं एकत्र आहेत.

त्या कार्डावर जात नाही. साथीच्या मुलीला जातीचा दाखला हवा होता, तेव्हा कार्यालयाने पणजोबांच्या गावचा पुरावा मागितला. आमचा शोध खरं तर तिथून सुरू झाला. मुलीचा अर्ज अजून प्रलंबित आहे.