जॉबर ते जॉब पोर्टल

मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापली; त्यानंतर वाढत गेलेल्या या धंद्यातील मजूरभरती दीर्घकाळ जॉबरच्या हाती राहिली. जॉबर म्हणजे खात्यावर देखरेख करणारा आणि त्याच खात्यासाठी माणसे आणणारा मुकादम. स्त्री कामगारांवर त्याच्या जागी नायकीण असे. कोकणातून वा घाटावरून आलेल्या तरुणाला गाववाल्याच्या ओळखीने या मुकादमापर्यंत पोहोचावे लागे, आणि नोकरी मिळाल्यावर वा टिकवण्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे लाचेवजा रक्कम, द्यावी लागे. ही पिळवणूक खरी असली, तरी माणसाची खात्री देणारा दुसरा कोणी नव्हता, हेही विसरता येत नाही.

भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली आणि 1935 मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांची, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजंदारीवर घेतल्या जाणाऱ्यांची, नोंद ठेवणारी योजना आणली. पुढे दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी 1945 मध्ये सेवायोजन कार्यालये उघडली. 1959 च्या कायद्याने रिक्त जागा या कार्यालयांना कळवणे सक्तीचे केले, मात्र त्या कार्यालयांमार्फतच भरती करण्याचे बंधन मालकांवर घातले नाही, आणि ही उणीव फार मोठी होती. 1997 मध्ये सुरू झालेल्या नौकरी डॉट कॉम या संकेतस्थळाने जाहिरात आणि अर्ज एकत्र आणले. तथापि आजही अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांच्या शिफारशीवरून माणसे घेतात, त्यामुळे उमेदवाराची पारख हे जॉबरचे जुने काम अशा संकेतस्थळांपुढे उभेच आहे.