तळपायाची चामखीळ आणि ज्वारीची वर्गणी

हेडफोन लावले असतील तर आधी एक काम करा. पाय वर घ्या आणि तळवा बघा. टाचेखाली किंवा अंगठ्याच्या मुळाशी कडक गोल ठिपका आहे? त्यात बारीक काळे टिपके आहेत? असतील तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. नसतील तरी ऐका, कारण गोष्ट पायापासून सुरू होऊन थेट ज्वारीच्या राशीपर्यंत जाते.

आमचं गाव मूर्तिजापूरकडचं, म्हणजे अमरावती आणि अकोल्याच्या बरोबर मधलं. माझ्या मोठ्या बाबांच्या टाचेखाली असाच ठिपका होता. घरचे म्हणायचे, दवाखान्यात दाखवा. त्यांचं उत्तर ठरलेलं, "कुरूपच तं आहे! त्याच्यासाठी कायले जाता दवाखान्यात? सीतादही होऊ द्या, मग पाहू." सीतादही म्हणजे कापसाची पहिली वेचणी. त्याआधी शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. महिना भादव्याचा होता. मोठ्या बाबांनी आधी ब्लेड चालवलं, मग बिब्बा लावला. त्यांना शुगर आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. जखम चिघळली. कापूस घरात आला तोवर दोन बोटं गेली होती.

ते कुरूप नव्हतंच, चामखीळ होती. कुरूप चपलेच्या घासण्याने होतं, चामखीळ विषाणूने. 1907 साली इटलीच्या ज्युसेप्पे चुफो या डॉक्टरने चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात जंतू उरूच शकत नव्हते. तो अर्क टोचला तरी चामखीळ उठली. म्हणजे कारण जंतूंहून लहान होतं. त्या विषाणूला आज आपण एचपीव्ही म्हणतो. आणि ते काळे टिपके म्हणजे 'मूळ' नव्हे, तर रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या. त्यामुळे उपटून, खणून काही होत नाही.

मग उपाय काय? सॅलिसिलिक ॲसिड लावायचं, मेलेली कातडी घासून काढायची, पुन्हा लावायचं. किंवा द्रवरूप नायट्रोजनने गोठवायचं. 2011 साली ब्रिटनमध्ये या दोन्हींची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत जेमतेम 14 टक्के लोकांचीच चामखीळ पूर्ण गेली होती. बऱ्याच जणांची, विशेषतः लहान मुलांची, वर्ष-दोन वर्षांत आपोआपही जाते.

इथेच खरी गोम आहे. हा आजार छोटा, पण चकरा फार. प्रत्येक चकरेला फी, एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी. दर वेळी पैसे मोजायचे म्हटलं की माणूस ब्लेडच शोधणार. मोठे बाबा अडाणी नव्हते. ते हिशेबी होते.

आता मागे जाऊ. आपल्या गावगाड्यात दर वेळी पैसे द्यायची रीत नव्हतीच. सुतार, लोहार, न्हावी वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचे. हेच बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 च्या 'गावगाडा'त ते तपशिलाने मांडलंय. पण गोड आठवण म्हणून ते सांगू नका हं! ते जातीला बांधलेलं होतं. कोणाच्या दारात जायचं आणि कोणी बाहेर उभं राहायचं, हेही त्यातच ठरलेलं. तरी एक गोष्ट त्यात शहाणपणाची होती : पैसा नसताना कोणी मागत नव्हतं, राशी लागल्या की मागायचे.

हेच शहाणपण, जातीची बेडी काढून, आपल्या शेजारी वापरलं गेलं. अमरावतीहून शंभरेक किलोमीटरवर सेवाग्राम. तिथलं मेडिकल कॉलेज डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये सुरू केलं. तिथले डॉ. उल्हास जाजू आसपासच्या खेड्यांत जायला लागले. सत्तरचं दशक संपताना आणि ऐंशीच्या सुरुवातीला एक योजना उभी राहिली. सुगीला प्रत्येक घराने ज्वारी द्यायची आणि वर्षभरासाठी सभासद व्हायचं. ज्याच्याकडे जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. भूमिहीनाने थोडी द्यायची. उपचार मात्र सगळ्यांना सारखे. एकट्यादुकट्याने सभासद होऊन भागत नव्हतं, गावातली बहुतेक घरं एकत्र यावी लागत. गावातच आरोग्यसेवक, त्याच्याकडे साधी औषधं, अधूनमधून डॉक्टर-नर्सची फेरी आणि मोठं दुखणं अचानक आलं तर सेवाग्रामचा दवाखाना.

यात बदललं काय? डॉक्टर तेच, गोळ्या त्याच. बदलली ती पैसे द्यायची वेळ. वर्गणी सुगीला देऊन झाली की भादव्यात पाय दाखवायला खिसा चाचपावा लागत नाही. "एवढ्याशासाठी कायले?" हा प्रश्नच संपतो, कारण एवढ्याशासाठीच तर वर्गणी भरलेली असते.

ही कल्पना फक्त आपली नाही. ब्रिटनमध्ये कामगारांच्या मंडळ्या आठवड्याला थोडे पेनी गोळा करून आपला डॉक्टर ठेवत, 1911 च्या विमा कायद्याच्याही आधीपासून. अमेरिकेत 2007 ला सिएटलमध्ये क्लायन्स नावाची कंपनी निघाली : महिन्याची फी भरा आणि डॉक्टरला हवं तेव्हा भेटा. आज मोबाईलवर 'मेंबरशिप क्लिनिक'च्या जाहिराती येतात ना, त्याच जातकुळीतल्या. फरक एवढाच की ॲप सगळ्यांना सारखाच आकडा दाखवतं, आणि सेवाग्रामच्या खेड्यांनी आधी विचारलं होतं, तुझ्याकडे शेती किती?

मोठे बाबा आता खास बूट घालून शेतात जातात. परवा मला म्हणाले, "आमच्या गावात असं काही असतं तं दोन पोती आधीच देऊन टाकली असती." मी काही बोललो नाही. दोन बोटांच्या बदल्यात दोन पोती, हिशेब त्यांचा बरोबरच होता.

जाता जाता : घरात कोणाला शुगर असेल किंवा पायाला बधिरपणा असेल, तर तळव्याला ब्लेड, बिब्बा, ॲसिड काहीही घरी लावू नका. आधी पाय दाखवा. आणि हा भाग अशाच एखाद्या 'हिशेबी' माणसाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!