वसतिगृहातील प्रार्थना आणि बंद झालेली दारे: १९३८ चा वंदे मातरम् लढा

१/१२
१९३८ ची अखेर. हैदराबाद संस्थानातील शेकडो विद्यार्थ्यांना महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आले. कारण एक गीत! पण हा संघर्ष केवळ गीताचा होता का? आपल्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला काही म्हणणे असू शकते की नाही, हा त्यामागचा खरा प्रश्न. आजचा धागा त्याविषयी.

२/१२
आधी भूगोल. आजचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यातील औरंगाबाद सुभ्यात होता. परभणीत महाविद्यालय नव्हते. पुढे शिकायचे तर औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज गाठायचे आणि पदवीसाठी थेट हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात जायचे. म्हणजे घर सुटायचे आणि वसतिगृह हेच घर व्हायचे.

३/१२
उस्मानिया हा त्या काळातील एक धाडसी प्रयोग होता. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने इंग्रजीऐवजी उर्दू हे शिक्षणाचे माध्यम केले. विज्ञान, वैद्यक, कायदा हे सारे विषय भारतीय भाषेत शिकवता यावेत म्हणून स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला. हे श्रेय नाकारता येणार नाही.

४/१२
परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. परभणीच्या मराठी मुलाच्या दृष्टीने इंग्रजी गेली आणि तिच्या जागी दुसरी परकी भाषा आली. हा निर्णय घेताना त्याला, किंवा त्याच्या आईवडिलांना, कोणी काही विचारले नव्हते.

५/१२
१९३८ हे वर्षच धगधगते होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच सप्टेंबरमध्ये बंदी आली. २४ ऑक्टोबरला तिचा सत्याग्रह सुरू झाला. सभा, संघटना, वृत्तपत्रे यांवर निर्बंध होतेच. मोकळेपणाने बोलण्याची जागा उरली होती ती वसतिगृहातील खोल्यांची.

६/१२
औरंगाबादच्या वसतिगृहातील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली आणि विद्यार्थ्यांनी संप पुकारला. काही दिवसांतच हे लोण उस्मानियाच्या वसतिगृहांत पोहोचले. तेथेही गीत, बंदी, संप हाच क्रम.

७/१२
येथे एक बाजू विसरू नये. या गीताविषयी अनेक मुस्लिमांचे आक्षेप होते. म्हणूनच काँग्रेस कार्यसमितीने १९३७ मध्ये सभांतून त्याची पहिली दोनच कडवी म्हणण्याचा निर्णय घेतला होता. म्हणजे हा प्रश्न चर्चेने सुटू शकतो, याचे उदाहरण वर्षभरापूर्वीचेच होते. निजामाच्या प्रशासनाने मात्र चर्चेऐवजी हुकूम निवडला.

८/१२
बंदी मान्य करा, नाहीतर शिक्षण सोडा, असा पेच विद्यार्थ्यांपुढे उभा राहिला. शेकडोंनी माघार घेतली नाही. परिणाम काय? संस्थानात उस्मानियाखेरीज दुसरे विद्यापीठच नव्हते. नाव काढले गेले की उच्च शिक्षणाचा रस्ताच संपला. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनी लावलेला हा पण किती मोठा होता, हे यावरून ध्यानात येते.

९/१२
मग दार उघडले ते संस्थानाच्या सीमेपलीकडे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. नागपूर ब्रिटिश हिंदुस्थानात होते. तेथे निजामाचा हुकूम चालत नव्हता. नागपुरात शिक्षण पूर्ण करणाऱ्या या तरुणांत पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. तेच पुढे भारताचे पंतप्रधान झाले.

१०/१२
राजवटीला विद्यार्थी गप्प करायचे होते. प्रत्यक्षात तिने कार्यकर्ते घडवले. या लढ्यातील अनेक तरुण पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, त्यामागील मनुष्यबळाचा एक मोठा झरा या वसतिगृहांतून निघाला होता.

११/१२
त्यानंतर ज्ञानाची दारे घराजवळ आली. १९५० मध्ये नांदेडचे पीपल्स कॉलेज, १९५६ मध्ये परभणीचे कृषी महाविद्यालय, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आणि १८ मे १९७२ ला परभणीत कृषी विद्यापीठ. परभणीच्या मुलाला शिकण्यासाठी हैदराबाद गाठण्याची सक्ती संपली.

१२/१२
पण इमारत जवळ आली म्हणजे आवाज पोहोचलाच असे नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यानंतर विद्यार्थी प्रतिनिधी निवडणुकीऐवजी गुणवत्तेच्या निकषावर नेमले जाऊ लागले. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली. मात्र २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. १९३८ च्या विद्यार्थ्यांना आपले म्हणणे मांडण्यासाठी संप करावा लागला, कारण ते मांडायला दुसरी जागाच नव्हती. अशी जागा आधीच असावी, यासाठीच विद्यार्थी परिषद असते. तुमच्या महाविद्यालयात ती आहे का? असेल, तर तिच्या बैठकीत अभ्यासक्रम, ग्रंथालय, वसतिगृह यांविषयी शेवटचा ठराव कधी झाला, हे एकदा विचारून पाहा.