काठी, साखळी आणि छायाचित्र

नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या भोर आणि राजगड (पूर्वीचे नाव वेल्हे) या दोन तालुक्यांत सपाट जमीन फार थोडी आहे. खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरे, त्यांच्या वर नाचणी-वरईचे वरकस उतार आणि त्याहून वर राजगड-तोरण्याचे कडे, अशा या मुलखात ‘जमीन किती?’ या प्रश्नाचे उत्तर देणे कोणत्याही काळी सोपे नव्हते. म्हणूनच मोजणीच्या साधनांचा इतिहास येथे जितका स्पष्ट दिसतो तितका तो देशावरच्या सपाट शिवारात क्वचितच दिसत असेल.

शिवकालीन मोजणीचे परिमाण सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून ब्याऐंशी तसूंची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा एक बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर, असे ते कोष्टक होते. ही जमाबंदी ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते अण्णाजी दत्तो अष्टप्रधानांपैकी सचिव. आणि हेच सचिवपद पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे येऊन त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालले व त्यातूनच पंतसचिवांचे भोर संस्थान उभे राहिले, जे ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. हाताची लांबी माणसागणिक बदलते, परंतु एकदा ठरवून दिलेली काठी बदलत नाही. रयत आणि सरकार या दोघांनीही मान्य केलेली एक ज्ञात लांबी, हेच त्या व्यवस्थेचे खरे मर्म होते.

इंग्रजी अमलात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून ज्या पाहणीची घडी बसवली, तिच्यात काठीची जागा लोखंडी साखळीने घेतली. तेहतीस फुटांची ही साखळी सोळा आण्यांत विभागलेली असे. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शंकू आणि साखळी घेऊन मोजणीदार या डोंगरात येई तेव्हा त्याची खरी परीक्षा उतारावर होई. तीस अंशांच्या उतारावर साखळी जमिनीलगत टाकली, तर तेहतीस फुटांत आडवे अंतर जेमतेम साडेअठ्ठावीस फूट भरते. म्हणून साखळीचे एक टोक वर टेकवून, दुसरे हवेत समपातळीत धरून व ओळंब्याने खालचा बिंदू निश्चित करून, पायरीपायरीने उतरावे लागे. साखळी धरणाऱ्याने हात जरा सैल सोडला, तर त्याची चूक टिपणात उतरून पिढ्यान्‌पिढ्या बांधावर भांडत राही.

या साऱ्या पाहणीत गावठाण मात्र बहुतेक मोजणीविना राहिले, कारण सरकारची दृष्टी सारा देणाऱ्या शेतावर होती, घरावर नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठी शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. आणि २४ एप्रिल २०२० रोजी आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेत, १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने हीच पद्धत देशभर नेण्यात आली.

येथे साखळी जमिनीवर पडतच नाही. मोजले जाते ते छायाचित्र. सुमारे सव्वाशे मीटर उंचीवरून घेतलेल्या चित्रातील प्रत्येक बिंदू जमिनीवरील साधारण पाच सेंटिमीटर व्यापतो. तेव्हा छपराच्या दोन टोकांमध्ये एकशेसाठ बिंदू भरले, तर संगणक ते अंतर आठ मीटर सांगतो. डोंगरउतारामुळे चित्रात येणारी विकृती एकमेकांवर चढत जाणाऱ्या अनेक चित्रांवरून उंची काढून दूर केली जाते, म्हणजे साखळी समपातळीत धरण्याचेच ते काम आहे. परंतु बिंदू म्हणजे किती जागा, हे संगणकाला आधी कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगतात जमिनीवर अचूक मोजून ठेवलेल्या खुणा. ब्याऐंशी तसूंच्या काठीचे स्थान आज या खुणांकडे आहे.

आकाशातून न दिसणाऱ्या गोष्टीही येथे पुष्कळ आहेत. मावळच्या धुवांधार पावसापासून भिंत वाचावी म्हणून या भागातील घरांचे छप्पर भिंतीच्या बरेच पुढे काढलेले असते. ड्रोनला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. आणि वळचणीची ती हात-दीड हात जागा, जेथे पागोळ्या गळतात, तीच दोन शेजाऱ्यांतील जुन्या तंट्याचे मूळ असते. म्हणूनच उड्डाणापूर्वी गावकऱ्यांसमक्ष चुन्याने हद्दी आखतात आणि नकाशा तयार झाल्यावर प्रत्यक्ष जागेवर चौकशी करतात. ती केवळ उपचार नसून मोजणीचा अविभाज्य भाग आहे.

साडेतीन शतकांत साधने बदलली, तरी ज्ञात परिमाण आणि हद्दीवर उभा राहून साक्ष देणारा माणूस या दोहोंवाचून कोणतीही मोजणी खरी ठरलेली नाही. म्हणून भोर-वेल्ह्यातील प्रत्येक घरधन्यास एवढीच विनंती की, मोजणीची दवंडी पिटली जाईल त्या दिवशी कामे बाजूला ठेवून शेजाऱ्यासह आपल्या हद्दीवर हजर राहावे, चुन्याची रेघ आपल्या डोळ्यांदेखत ओढवून घ्यावी आणि जागेची सनद हाती आल्यावर तिच्यावरील आकडे एकदा टेपाने पडताळून पाहावेत.