नॉगलबाईंची आत्मचित्रे

रेम्ब्रांटने आपले वार्धक्य कुंचल्याने रंगविले, तेव्हा जगाने त्याची वाहवा केली. स्त्रीने मात्र उतरत्या वयात कॅमेऱ्यासमोर उभे राहू नये, निदान जवळून तरी नाही, असा अलिखित दंडक पुष्कळ काळ होता. अमेरिकेतील ॲन नॉगल यांनी तो जुमानला नाही.

१९२२ साली इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे जन्मलेल्या नॉगलबाई आधी वैमानिक होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने स्त्री-वैमानिकांचे दल उभारले, त्यात त्या दाखल झाल्या. या दलातील ३८ जणींना कामगिरीवर मृत्यू आला. तरी १९७७ पर्यंत सरकारने त्यांना सैनिक मानले नाही! युद्धानंतर बाईंनी शेतांवर औषध फवारणारी विमाने चालविली, आकाशात कसरतीही केल्या. पुढे फुप्फुसांच्या विकारामुळे आकाश सुटले. जे शरीर हुकमी होते, तेच आता ऐकेना. तेव्हा त्यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात कलेतिहासाचा अभ्यास आरंभिला आणि चाळिशी उलटल्यावर कॅमेरा हाती घेतला.

१९७५ साली त्यांनी चेहऱ्याची कातडी ताणून घेण्याची शस्त्रक्रिया करविली. यात नवल नाही. अशा स्त्रिया पुष्कळ. पण शस्त्रक्रियेनंतरचे सुजलेले डोळे, काळेनिळे डाग आणि टाके बाईंनी स्वतःच टिपून लोकांपुढे ठेविले. वय पत्करले होते, तर शस्त्रक्रिया कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. मात्र वयाप्रमाणेच तरुण दिसण्याचा मोहही त्यांनी झाकला नाही, आणि या चित्रांतील खरे धैर्य तेथेच आहे. त्यांत रडगाणे नाही. उलट किंचित मिस्कीलपणा आहे.

त्याच वर्षी मार्जरी मान यांच्यासह त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे स्त्री-छायाचित्रकारांचे ऐतिहासिक प्रदर्शन मांडले. त्यांचा कॅमेरा आपल्या वृद्ध आईकडेही वळला. १९८३ मध्ये त्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. १९९० च्या पुस्तकात त्यांनी युद्धकाळातील आपल्या सहकारिणींचे सुरकुतलेले चेहरे गोळा केले. १९९४ च्या पुस्तकात महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत वैमानिक स्त्रियांचे. २००५ साली नॉगलबाई वारल्या. त्या वृद्ध वैमानिकांची चित्रे त्यांनी आपल्या स्वतःच्या चित्रांसारखीच काढली आहेत: समोरून, आणि अगदी जवळून.